विश्वास आहे, तरी अपयशाची भीती जात नाही. काय करावं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

हा धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. (धागा फसला तर? ही भीतीही त्यात आलीच.) मी लहानपणापासून मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढले. नावापुरती ख्रिस्ती नाही. प्रार्थना, वचनवाचन, सेवा मनापासून करते. तरीही नवं काम अंगावर आलं की पोटात गोळा येतो. कोणी जबाबदारी देऊ केली की सगळ्यात आधी नकाराची कारणं सुचतात. परीक्षा असो, नोकरीतली बढती असो, नाहीतर उपासनेत दोन शब्द बोलायची पाळी असो. 'जमलं नाही तर लोक काय म्हणतील' इथून सुरू होतं आणि 'देवाने एवढं दिलं आणि मी मातीत घातलं' इथवर जातं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे या भीतीबद्दलच अपराधी वाटतं. पवित्र शास्त्रात जागोजागी 'भिऊ नको' लिहिलंय. मग भिणारी मी अविश्वासी ठरते का? एका प्रार्थनासभेत हे बोलून दाखवलं तर उत्तर मिळालं, "विश्वास वाढवा ताई. देव तुमच्या बाजूला आहे म्हणजे यश तुमचंच." त्याने भीती दुप्पट झाली. आता अपयश आलं तर काम तर जाईलच, वर माझा विश्वासही खोटा ठरेल.

या वाटेने कोणी गेलं असेल तर लिहा. 'सकारात्मक राहा' एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते मीच इतरांना सांगत असते.

अर्धवटराव

+१. नाव तुमचं, गोष्ट माझी. खुर्ची ओढून बसलोय.

उंबरठा

कोरी_पाटी, आधी तो अपराधीपणा बाजूला काढू, मग भीतीकडे वळू.

'भिऊ नको' ही वचने कोणाला सांगितली आहेत ते पाहा. निर्धास्त माणसाला कोणी 'भिऊ नको' म्हणत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 मध्ये येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात आहे आणि रात्री दृष्टांतात प्रभू त्याला सांगतो, भिऊ नको, बोलत राहा, मी तुझ्याबरोबर आहे. हे सांगण्याची गरज का पडली? पौलानेच नंतर करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:3) ते कबूल केले आहे: तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो. पुष्कळ ठिकाणी मंडळ्या स्थापून आलेला माणूस नव्या शहरात कापतो आहे. प्रभूने त्याला झापले नाही. सोबत आहे असे सांगितले आणि काम चालू ठेवायला लावले. पुढे दीड वर्ष तो तिथेच शिकवत राहिला.

स्तोत्र 56 मध्ये दावीद म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटणारच नाही, असा दावा त्यात कुठेही नाही. भीती आणि भरवसा एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या तोंडी आहेत. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू व्याकूळ होऊन हा प्याला टळो अशी विनवणी करतो. भीती वाटणे हे पाप असेल तर त्या रात्रीचे काय करायचे?

आता 'यश तुमचंच' याविषयी. हे बोलणारे सहसा दोन वचने पुढे करतात. पहिले यिर्मया 29:11, तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत. हे यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातले वाक्य आहे. पत्र बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे, सत्तर वर्षे! म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. त्यांना सांगितले काय, तर घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. दुसरे फिलिप्पैकरांस 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो. पौल हे बेड्यांत बसून लिहीत होता, आणि 'सर्व काही' म्हणजे काय ते लगेच आधी आले आहे: भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई. हे वचन पदक जिंकण्यासाठी लिहिलेले नाही. पदक हुकल्यावर कसे जगायचे, ते सुद्धा त्यात येते.

तेव्हा ज्या आश्वासनामुळे तुमची भीती दुप्पट झाली ते देवाने दिलेलेच नाही. ते मोडल्याचा हिशेब तुमच्याकडे कोणी मागणार नाही.

खवचट_पाहुणा

मी श्रद्धाळू नाही, हे आधीच सांगतो. धागा आवडला म्हणून लिहितोय.

उंबरठा, तुमचं वाचून शंका आली. देव यशाची हमी देत नाही, भीती घालवायचं वचनही देत नाही. मग उरलं काय? 'मी सोबत आहे' एवढ्यानं अपयशाची भीती जाते कशी? पडणारा तर मीच ना.

आणि ती तीन चाकरांची गोष्ट तुमच्याच शास्त्रात आहे. ज्याने पैसे पुरून ठेवले त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं. ही भीती घालवणारी गोष्ट आहे की घालणारी?

शांत_किनारा

पाहुण्यांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देते.

अपयशाची भीती नीट सोलून पाहिली तर आतून निघते ती निकालाची भीती. काम फसलं तर मी 'कोण' ठरेन याची. काम फसल्याचं नुकसान बहुधा भरून काढता येतं. पण 'हिच्यात दम नाही' हा शिक्का बसला तर तो पुसणार कोण? म्हणून माणूस काम टाळतो.

आता मत्तयाचा तिसरा अध्याय काढा. येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्याबाहेर येतो आणि आकाशवाणी होते: हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूने काय केलं होतं? एकही चमत्कार नाही, एकही उपदेश नाही, शिष्य नाहीत. बापाचा शेरा कामाच्या आधी आला. लगेच चौथा अध्याय, आणि सैतानाचं पहिलं वाक्य काय आहे? तू देवाचा पुत्र असलास तर या धोंड्यांच्या भाकरी कर. म्हणजे, करून दाखव, मग मानतो! आपली अपयशाची भीती अक्षरश: याच सुरात बोलते. 'हुशार असशील तर', 'खरी विश्वासणारी असशील तर'. येशू काही सिद्ध करायच्या फंदात पडला नाही, कारण जे सिद्ध करायचं ते आधीच सांगून झालं होतं.

ख्रिस्ती शुभवर्तमान असं सांगतं की ख्रिस्तामुळे तोच शेरा आपल्यालाही मिळतो, फुकट. पौलाच्या रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायाचं पहिलंच वचन आहे की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (4:18) भीतीचं मूळच दाखवलंय: भीतीत शिक्षेची धास्ती असते, आणि पूर्ण प्रीती ती घालवते. जणू उत्तीर्णचा दाखला हातात देऊन मग पेपर लिहायला बसवलं आहे. पडणारी मीच, हे खरं. पण पडून मी नापास ठरत नाही.

खवचट_पाहुणा

दाखला आधीच मिळाला तर अभ्यास कोण करेल? :)

उंबरठा

पाहुणे, ही शंका तुमच्याआधी पौलालाच विचारली गेली होती. रोमकरांस, सहावा अध्याय, सुरुवात तिथूनच आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे काय?

तर्काने उत्तर देता येईल, पण त्या माणसाकडेच पाहिलेले बरे. स्वतःला प्रेषित म्हणवून घेण्यासही लायक नाही असे लिहिणारा पौल त्याच दमात लिहितो की मी इतर सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, मात्र ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने (1 करिंथ 15:10). शिक्षेच्या भीतीने काम करणारा अंगाला लागणार नाही इतपतच करतो. जिथे चूक होण्याचा संभव, तिथे फिरकत नाही. मोकळा माणूस जास्त करतो, आणि जास्त फसतोही.

चाकरांच्या त्या गोष्टीविषयी (शास्त्रात तिला 'दाखला' म्हणतात) शांत_किनारा किंवा आणखी कोणी लिहावे. मला त्यावर लिहायला आवडेल, पण माझा प्रतिसाद आधीच मारुतीच्या शेपटासारखा झाला आहे.

बोरू

चाकरांच्या दाखल्यावर मी लिहितो. मत्तय 25. परगावी निघालेला धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवून जातो.

एक तालांत म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. साधारण सहा हजार दिनार. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळपास वीस वर्षांची कमाई धन्याने त्या तिसऱ्या चाकराच्या हाती, काही तारण न घेता, सोपवली. आता त्याचं बोलणं ऐका. तुम्ही कठोर आहात, पेरलं नाही तिथे कापता, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो आणि पैसा जमिनीत लपवला. एवढा विश्वास टाकणाऱ्या धन्याविषयी त्याचं हे मत! भीती पैशातून आली नाही, धन्याच्या चित्रातून आली. उरलेल्या दोघांनी तोच धनी पाहिला आणि ते 'लगेच' कामाला लागले.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला मिळालेली शाबासकी शब्दन् शब्द सारखी आहे. 21वं आणि 23वं वचन शेजारी ठेवून वाचा. आकड्यांचा उल्लेखच नाही, विश्वासूपणाचा आहे.

पण खवचट_पाहुणा यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. दाखल्यात चौथा चाकर नाही, ज्याने व्यापार केला आणि भांडवल घालवून बसला. त्याला धनी काय म्हणाला असता? दाखला गप्प आहे. आणि अंधारही तिथे आहे, तो पुसता येत नाही. मला एवढंच दिसतं की शिक्षा तोट्याबद्दल झाली नाही. त्या चाकराने एक पैसाही बुडवला नव्हता.

चौथ्या चाकराचं उत्तर हवं असेल तर दाखला सोडून पेत्राकडे जावं लागतं. लूक 22. शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत आपल्याला नाकारणार, हे येशूला आधी ठाऊक आहे. तो काय म्हणतो? तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. तू पडू नयेस म्हणून, असं नाही! आणि पुढे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. अपयश अजून घडलेलंसुद्धा नाही, आणि त्यानंतरचं काम नेमून दिलेलं आहे.

अर्धवटराव

वाखु (वाचनखूण) साठवली. हे शेवटचं मी इतक्या वर्षांत एकाही उपदेशात असं ऐकलं नव्हतं.

तळटीप

समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं वेगळं लिहिते. इथे सगळं छान चाललंय, पण एक फरक करायला हवा.

नव्या कामाआधी धडधड होणं वेगळं. आणि आठवडेच्या आठवडे झोप न लागणं, छातीत दडपण, कामं सुरूच न करता येणं, स्वतःविषयी सतत वाईट विचार येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात 'वचन वाचा' एवढंच सांगून माणसाला घरी पाठवू नये. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा, औषध लागलं तर घ्यावं. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं असेल तर वाट पाहू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावं आणि मदत घ्यावी.

याला विश्वासाचा अभाव म्हणणाऱ्यांसाठी एलीया संदेष्ट्याची गोष्ट, 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर एवढा विजय, आणि राणी ईजबेलीचा जिवे मारण्याचा निरोप येताच तो पळत सुटला. झुडुपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांहून बरा नाही. ही सरळ अपयशाची भाषा आहे, तुलनेसकट. देवाने काय केलं? उपदेश नाही. झोपू दिलं. दूताने उठवून खायला-प्यायला दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. 'एलीया, तू इथे काय करतोस?' हा प्रश्न बऱ्याच उशिरा, डोंगरावर पोचल्यावर आला. आणि शेवटी त्याला कळलं की तो समजत होता तसा एकटा नव्हता, आणखी सात हजार होते. आधी शरीर, मग संभाषण, मग सोबत. मी रोज ज्या क्रमाने काम करते तोच हा क्रम.

रानजाई

तळटीप, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. आमच्या मंडळीत यावर बोलायचीच चोरी.

मला वेगळंच बोचतं. आपल्याकडे साक्षी कोणाच्या होतात? परीक्षा पास झालेल्यांच्या, आजार बरा झालेल्यांच्या, नोकरी लागलेल्यांच्या. 'मी प्रार्थना केली, तयारीही केली, तरी नापास झाले, आणि देव माझ्याबरोबर आहे' अशी साक्ष द्यायला कोणी पुढे बोलावत नाही. मग तरुण मुलांनी काय समजायचं? अपयशी माणसाला जिथे बोलायला जागा नाही तिथे भीती वाढणारच. कोरी_पाटींना प्रार्थनासभेत मिळालेलं उत्तर त्याच मुशीतलं आहे.

बोरू

रानजाई, १००% सहमत. जुन्या मिशनऱ्यांची उदाहरणं म्हणूनच वाचावीत. विल्यम कॅरी 1793 साली भारतात आला. पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, झाला तो 1800 च्या डिसेंबरअखेर. सात वर्षं दाखवायला आकडा शून्य. पुढे मराठीचं व्याकरण 1805 साली, कोश 1810 साली, नवा करार 1811 साली. आणि 1812 च्या मार्चमध्ये सेरामपूरच्या छापखान्याला आग लागून कागद, खिळे, कितीतरी हस्तलिखितं जळाली. तो पुन्हा बसला आणि पुन्हा सुरुवात केली.

रानजाई

बोरूदादा, रागावू नका, पण कॅरीची गोष्ट अशी अर्धीच सांगितली जाते. त्या पहिल्या वर्षांत त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. बायको डोरोथी, जी यायलाच तयार नव्हती, तिचं मन पार ढासळलं, आणि 1807 मध्ये ती गेली, तोवर सावरली नाही. 'सात वर्षं धीर धरला आणि फळ मिळालं' या वाक्यात ती कुठे बसते? चिकाटीच्या गोष्टीही शेवटी यशाच्याच गोष्टी असतात. त्यांचा हिशेब शेवटच्या पानावर जुळतो म्हणून आपण त्या सांगतो.

बोरू

रागावण्यासारखं काहीच नाही. बरोबर आहे. मग यिर्मयाच बरा. चाळीस वर्षं बोलला, लोकांनी ऐकलं नाही, यरुशलेम पडलं, आणि नको म्हणत असताना त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. शेवटच्या पानावरही काही जुळत नाही. तरी शास्त्राने त्याला अपयशी म्हटलेलं नाही.

मेणबत्ती

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे पापनिवेदन (धर्मगुरूजवळ पापं कबूल करणं) आहे, आणि तिथेही ही भीती शिरू शकते. पुढे प्रोटेस्टंट पंथाचा उगम ज्याच्यापासून झाला तो मार्टिन लूथर 1505 मध्ये मठात गेला, तेव्हा काही राहून तर गेलं नाही ना या धास्तीने तासन् तास पापं सांगत बसायचा. त्याचे वरिष्ठ श्टाउपित्स कंटाळून जायचे. 'स्वतःकडे बघणं सोड, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ', असा त्यांच्या सल्ल्याचा रोख असे. पुढे दोन्ही पंथांत काय झालं तो वाद इथे नको, पण हा सल्ला दोन्हीकडे चालण्यासारखा आहे. अपयशाची भीती माणसाला सारखी स्वतःची नाडी बघायला लावते.

रानजाई जे म्हणतात त्यावर मार्क आठवला. प्रेषितांच्या कृत्यांत तो तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पंफुल्या प्रांतात त्यांना सोडून परत गेला. कारण लिहिलेलं नाही. पुढच्या दौऱ्याला बर्णबा म्हणाला त्याला नेऊ, पौल म्हणाला अर्ध्यावर सोडून गेलेल्याला नको. इतकं जुंपलं की दोघे वेगळे झाले! दोन मोठे प्रेषित, आणि एका फसलेल्या पोराला पुन्हा संधी द्यावी की नाही यावर त्यांचं एकमत होईना. मंडळीतली ही अडचण आजची नाही. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला (सायप्रस बेटावर) गेला. (तो त्याचा नातेवाईकही होता, कलस्सै 4:10 मध्ये आहे, माणसाला असा नातेवाईक असावा.) आणि तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना हाच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. दुसरं शुभवर्तमान परंपरेने याच मार्काचं मानतात.

म्हणून कोरी_पाटींना माझं एवढंच सांगणं, एक बर्णबा शोधा. सगळ्या मंडळीला सांगू नका, सगळ्यांना ते पेलत नाही. पण एक माणूस असा हवा, ज्याला काम सुरू करण्याआधीच सांगून ठेवता येईल की हे फसलं तर मी तुझ्याकडे येणार आहे.

खवचट_पाहुणा

बर्णबा हा माणूस मला आवडला. श्रद्धा नसली तरी चालेल ना त्याला?

बाकी प्रश्न असा की हे सगळं फिरून 'कर्मण्येवाधिकारस्ते' वरच येतं ना? फळाची आशा सोड, काम कर. मग वेगळं काय?

शांत_किनारा

साम्य आहे, ते नाकारून उगाच वेगळेपणा मिरवण्यात अर्थ नाही. मला गीता अधिकारवाणीने सांगता येणार नाही, पण माझ्या बाजूचा फरक सांगते. इथे फळाची आशा सोडायला सांगितलेलं नाही. रडत पेरणारे हर्षाने कापणी करतील, असं स्तोत्र 126 म्हणतं. म्हणजे कापणी हवीशी वाटणं ठीक आहे. आणि ती झाली नाही तर रडायचीही मुभा आहे. यरुशलेमाने ऐकलं नाही तेव्हा येशू त्या शहराकडे पाहून रडला. अलिप्त राहा, म्हणजे लागणार नाही, असा हा मार्ग नाही. इथे लागतं. लागल्यावर जायला घर आहे, एवढंच.

यशाच्या बाबतीतही तसंच. लूक 10 मध्ये शिष्य मोहीम फत्ते करून उड्या मारत येतात, प्रभू, भुतेही आम्हाला वश होतात! येशू म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. यशावर पाय रोवून उभा राहणारा अपयशाला घाबरणारच, हे त्याला माहीत होतं.

साधासुधा

मधेच घुसतो. प्रत्येक भीती घालवायचीच असते का? कधी कधी ती बरोबर सांगत असते. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून थांबावं लागेल आणि लोक हसतील, असं येशूच सांगतो (लूक 14). म्हणजे लोक हसतील हा विचारही त्याने तुच्छ मानला नाही. मी स्वतः भीतीला आधी कागदावर लिहितो. तयारी करून ती कमी होत असेल तर ती शहाणपणाची. तयारी झाल्यावरही तेवढीच उरली तर मग ती प्रार्थनेची.

आणि उपदेशक 11 वाचा. वारा बघत बसणारा पेरणी करत नाही, ढग बघत बसणारा कापणी करत नाही. सकाळी पेर, संध्याकाळीही हात आवरू नको, कारण यातलं कोणतं फळाला येईल हे तुला ठाऊक नाही. अनिश्चितता आहे म्हणून थांबा, असं नाही. अनिश्चितता आहे म्हणून दोनदा पेरा.

कोरी_पाटी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, खवचट_पाहुण्यांचेही (तुम्ही नसता तर निम्मे प्रतिसाद आलेच नसते). तळटीप, तुमची यादी दोनदा वाचली. झोपेचं खरं आहे माझ्या बाबतीत, भेटीची वेळ घेतली आहे.

'शेरा आधी' हे कळलं. डोक्याला तरी कळलं, पोटाला कळायला वेळ लागेल. सध्या मला देऊ केलेली जबाबदारी घ्यायला उद्या होकार कळवते आहे. पण एक प्रश्न उरलाच. यश मागायचं की नाही मग? इतके दिवस 'यश दे' अशी प्रार्थना करत होते. आता ती करायचीही लाज वाटायला लागली आहे, जणू काही मी चुकीचं मागते आहे.

उंबरठा

बिनधास्त मागा. स्तोत्र 90 चा शेवट काय आहे? आमच्या हातचे काम सिद्धीस ने, आणि तेच पुन्हा एकदा. मोशेच्या नावावर असलेली प्रार्थना आहे ती.

आणि नहेम्या वाचा, पहिले दोन अध्याय. नहेम्या हा परक्या राजाच्या दरबारी प्याला देणारा सेवक. यरुशलेमाचा तट पडला आहे हे कळल्यावर तो रडला, उपास केला आणि देवाला सरळ म्हणाला, आज आपल्या सेवकाला यश दे. आडपडदा नाही. ही बातमी आली किसलेव महिन्यात, आणि राजाशी बोलायची वेळ आली निसान महिन्यात. मधले चार महिने त्याने काय केले ते दोन्ही अध्याय जोडून वाचल्यावर कळते. राजाने विचारले, तुझा चेहरा का उतरला? तिथे नहेम्या लिहितो, मी फार घाबरलो. चार महिने प्रार्थना करूनही! राजाने विचारले, तुला काय हवे? त्याने तिथल्या तिथे मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि बोलायला सुरुवात केली.

मग त्याच्या मागण्या पाहा. किती दिवस लागतील ते राजाने विचारताच त्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या सुभेदारांना दाखवायला पत्रे मागितली. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे लाकडासाठी वेगळे पत्र मागितले आणि ते लाकूड कुठे कुठे लागेल तेही सांगितले: किल्ल्याच्या वेशींना, तटाला, स्वतःच्या घराला.

कोरी_पाटी

घराला पण! हे मी कधी पाहिलंच नव्हतं. होकार कळवताना मलाही दोन माणसं जास्त आणि महिनाभराची मुदत वाढवून मागायची होती, ते लिहायचं धाडस होत नव्हतं. लिहिते.